वरचं रान

दिवाळीतल्या पाडव्याची संध्याकाळ झाली तरी फुलाबाईंनी अजून देवापुढे दिवा लावला नव्हता.

सुकन्याने लॅपटॉपवरून मान वर करून आईकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. अमेरिकेतल्या एका डोंगरावर लोक पायांना फळ्या बांधून बर्फावरून घसरायला येतात. रात्रीत तिथे किती बर्फ पडला, तो भुसभुशीत आहे की वाऱ्याने घट्ट झालाय, आज कुठले उतार उघडे आणि कुठले बंद, हे रोज पहाटे त्या रिसॉर्टच्या वेबसाइटवर लिहायचं, ही तिची नोकरी. तिथली पहाट म्हणजे सोलापूरची दिवेलागण.

टीव्हीवर तिथला कॅमेरा लावलेला होता. बर्फात रोवलेली मापाची पट्टी आणि तिच्या बुडाशी बर्फाने झाकलेली एक फळी, एवढंच दिसत होतं. थोड्या वेळाने पिवळ्या जाकिटातला माणूस येणार, रात्रीचा बर्फ मोजणार आणि उद्याच्या बर्फासाठी फळी साफ करून जाणार. सुकन्याच्या वडिलांनी, तात्याबांनी, त्याला केव्हाच आपल्यात घेतलं होतं. "आला बघा तितला मेंढका," ते म्हणायचे. सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला. उतार आज उघडला, उद्या बंद झाला, हे लेकीला त्यांना समजावून सांगावं लागलं नव्हतं. खालचं रान आधी मोकळं होतं, वरचं मागनं. त्यात काय समजायचं?

नवरा-बायकोची पैज त्या वरच्या रानावरच असायची. ते कधी उघडणार? तात्याबा दर वर्षी एकच सांगत, पाडव्याला. फुलाबाई म्हणत, पाडव्याच्या नंतर. दिवा लागला की पाडवा संपला, हा नियमही फुलाबाईंचाच. हरेल त्याने बर्फ वितळेपर्यंत रोज संध्याकाळी जिंकणाऱ्याला चहा करून द्यायचा. तात्याबा दर वर्षी हरले. "तितं आत्ता कुटं उजाडतंय! तितला पाडवा हाय की अजून," असं भांडत राहायचे. फुलाबाई काडी ओढून दिवा लावायच्या, पाय पसरून बसायच्या आणि म्हणायच्या, "आलं जरा जास्त घाला."

यंदाची पैज तात्याबांनी आषाढातच लावून ठेवली होती. श्रावणात ते गेले.

घरात सण नव्हता. फराळ शेजारच्या काशम्माकडून आला होता. ओवाळायचं ताट फळीवरच राहिलं होतं. तात्याबांची घोंगडी खुर्चीवर घडी घालून ठेवलेली होती आणि त्या खुर्चीत कोणी बसत नव्हतं.

"आला गं," फुलाबाई म्हणाल्या. टीव्हीवर पिवळं जाकीट पट्टीपाशी वाकलं. "किती?"

"नऊ इंच."

"म्हंजी वीतभर. लई झालं की! आन वरचं?"

सुकन्याने नुकताच आलेला निरोप वाचला. "खालचे सगळे उघडले. वरच्याचं अजून ठरलं नाही. वर वारा सुटलाय, बघून कळवतो म्हणतात."

"कवा?"

"अर्धा तास तरी लागेल."

फुलाबाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. खाली पोरं माळ लावत होती आणि समोरच्या गॅलरीतला आकाशकंदील केव्हाच लागला होता.

"आई, दिवा मी लावू का?"

"तू तुझं काम कर. वात वली हाय."

तेवढ्यात काशम्मा दारात आली. "हे काय, फुलाबाई? सणाचं अंधार करून बसलाय की!"

"तेल संपलंय."

"मग वाटीभर देते की."

"नगं, नगं! आनतीया सुकन्या."

काशम्मा देव्हाऱ्याजवळच्या काठोकाठ भरलेल्या बाटलीकडे बघत बघत गेली. सुकन्याला हसू आवरेना.

"आई," ती म्हणाली, "तिकडं आत्ता कुठं उजाडतंय. तिथला पाडवा आहे की अजून."

हे ऐकलं की दर वर्षी फुलाबाईंचा पारा चढायचा. आज त्या टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या, "व्हय की."

टीव्हीवरची फळी हळूहळू पुन्हा पांढरी होत होती. अंधार खोलीत आला, घोंगडीवर आला. फुलाबाईंनी काड्यापेटी एकदा उचलली आणि खाली ठेवली.

लॅपटॉप वाजला.

"उघडलं," सुकन्या म्हणाली.

"नीट वाच."

"वारा पडला. वरचा उतार आजपासून सुरू."

फुलाबाईंनी काडी ओढली. वात पहिल्याच काडीला पेटली.

"जितलं की म्हातारं!" त्या देवाला म्हणाल्या. हात जोडता जोडता त्यांना हसू फुटलं, आणि ते आवरायला पदर तोंडाशी न्यावा लागला. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. आलं ठेचल्याचा आवाज इतका जोरात आला की पलीकडच्या काशम्मालाही कळावं, कोण हरलंय ते.

सुकन्याने बातमी लिहून पाठवली. वर नऊ इंच, ताजा, हलका बर्फ. सगळे उतार उघडे. पाठवून झाल्यावर ती आत गेली. ओट्यावर तीन कप मांडलेले होते.

"हे तुझं रान बंद कवा हुतंय गं?" फुलाबाईंनी चहा गाळता गाळता विचारलं.

"एप्रिलमध्ये."

"आगं बया! तवर रोज चा करायचा मी ह्यांला?"

असं म्हणून त्यांनी साखरेचा डबा पुढे ओढला, आणि डॉक्टरांनी ज्या कपात कधीच साखर पडू दिली नव्हती त्यात दोन चमचे घालून सावकाश ढवळत राहिल्या.