सहा मिनिटांचा पट्टा

विशाखाने पट्टा श्रीमंतच्या मांडीभोवती गुंडाळायला घेतला, तसा त्याने तिचा हात धरला.

"लई आवळता का, म्याडम?"

ती हसली. लातूरच्या त्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात हा प्रश्न तिला रोज कुणीतरी विचारायचं. तिने पुन्हा समजावून सांगितलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चार महिन्यांत मांडी वाळून गेली आहे, जड वजन उचलायची ताकद तिच्यात उरलेली नाही. पट्ट्याने रक्ताचा परतीचा रस्ता थोडा अडवला की हलकं वजनसुद्धा मांडीला जड पडतं आणि स्नायू भरायला लागतो. रक्त पूर्ण तोडायचं नसतं, म्हणून तर पट्ट्याला पंप आणि दाब दाखवणारा काटा आहे. सहा मिनिटं, बस. हे जमलं नाही तर काठी कायमची, हेही तिने सांगून टाकलं.

श्रीमंतने मान हलवली. पन्नाशी उलटलेला, रेणापूरकडचा शेतकरी, कुणाला भ्यायची सवय नसलेला. पण त्याची नजर पट्ट्यावर नव्हतीच. ती समोरच्या बाकावर होती. तिथे त्याचा धाकटा भाऊ ज्ञानोबा बसला होता. सोयाबीनच्या काढणीत घरचं दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून एसटीने तोच सोबत आला होता. उजव्या गुडघ्याखाली त्याला जयपूर फूट होता.

बावीस वर्षांपूर्वी ज्ञानोबाला बांधावर साप चावला, तेव्हा श्रीमंतनेच बैलाचा कासरा काढून त्याचा पाय आवळला होता. दवाखान्यात पोचेपर्यंत चार तास गेले. जीपमध्ये ज्ञानोबा ओरडत होता, दादा सोड, पाय फुटायलाय. आणि श्रीमंत त्याचे दोन्ही हात धरून बसला होता. थोरल्याने धाकट्याचा जीव वाचवला, असं गाव अजून म्हणतं. डॉक्टर म्हणाले होते, साप बिनविषारी होता, पाय दोरीने गेला. दोघा भावांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. इथे तोंड पोळलं होतं धाकट्याचं आणि फुंकत होता थोरला.

पट्टा फुगला. विशाखाने पावलावर बोटं ठेवून नाडी पाहिली, घोट्याला छोटं वजन बांधलं आणि पाय वर-खाली करायला लावला. तीस वेळा करायचं, जरा थांबायचं, मग पंधरा. पाऊल लाल-जांभळं दिसेल, मुंग्या येतील, घाबरू नका, असंही तिने बजावलं. पहिले तीस झाले. तेवढ्यात पडद्यापलीकडून एका पेशंटने हाक मारली, तशी "आलेच" म्हणून ती तिकडे गेली.

मग श्रीमंतने खाली पाहिलं. पाऊल जांभळं झालं होतं.

म्याडमने सांगितलेलं सगळं त्याला आठवत होतं, पण भीतीला सांगितलेलं ऐकू येत नाही. त्याने पायाची बोटं हलवून पाहिली. हलली. तरी त्याला वाटलं, हे हलणं आता शेवटचंच. पट्टा सोडवायला हात नेले, पण पट्ट्याचं टोक काही सापडेना.

"ज्ञानोबा," तो म्हणाला, "सोड."

ज्ञानोबा उठला. त्याने काही विचारलं नाही, म्याडमना हाक मारली नाही, घड्याळाकडेही पाहिलं नाही. लंगडत दोन पावलांत आला आणि चर्रकन पट्टा उचकटला. मग वाकून त्याने भावाचं पाऊल दोन्ही हातांत धरलं आणि त्याचा रंग परत येईपर्यंत तसंच धरून ठेवलं.

आवाज ऐकून विशाखा धावत आली. पट्टा कुणी सोडला म्हणून तिने विचारलं, आणि ज्ञानोबाने आपणच सोडल्याचं सांगितलं. ती रागावली नाही. नाडी पाहिली, पाय ठणठणीत असल्याचं सांगितलं. पण असं अर्ध्यावर सोडत राहिलात तर मांडी भरणार नाही, हेही तिने स्पष्ट केलं. आज थोड्या कमी दाबावर करू, पण करायचं तर शेवटपर्यंत. नसेल करायचं तर आत्ताच सांगा, काका.

श्रीमंतने आपल्या मांडीकडे पाहिलं. ती त्याला दुसऱ्याच कुणाची तरी वाटत होती.

"बांधा," तो म्हणाला.

पंप पुन्हा फुसफुसायला लागला. श्रीमंत भ्यालेला होता आणि ते आता तो लपवतही नव्हता. त्याने ज्ञानोबाचं मनगट घट्ट धरलं.

"आता मी किती बी म्हणलो, तरी सोडू नको."



"ते माझ्याच्यानं व्हायचं न्हाई, दादा."