चौदा चुका

लाकडी आंब्यावर पिवळा रंग चढवताना तिला नाशिकच्या एका शाळेतल्या बाईंचा फोन आला. “तुमचं दुकान खरंच आहे ना हो? वेबसाइटवर शुद्धलेखनाच्या इतक्या चुका, मला वाटलं फसवाफसवीच असेल. आम्हाला लाकडी फळांचे तीस संच हवेत, पण मुख्याध्यापक आधी वेबसाइट बघतात. बुधवारपर्यंत नीट करून घ्या, मग ऑर्डर देते.” बाईंनी चुकांची यादीही पाठवली. तिने ती कागदावर उतरवून घेतली. चौदा भरल्या.

वेबसाइट तिच्या मुलाने टोरांटोहून बनवली होती. शाळेत शुद्धलेखनात पहिला यायचा तो. आता दर रविवारी फोन करायचा. “बरी आहेस ना? गोळ्या घेतेस ना? ठेवू मग?” दोन मिनिटांत संपायचं.

या रविवारी ती घाईघाईने म्हणाली, “वेबसाइटवर एक चूक आहे रे.”

तो अडखळत मोठ्याने वाचू लागला. बाकीच्या तेरा चुकांवरून सहज पुढे गेला. मध्येच थांबून त्याने विचारलं, “ती बोटाएवढी केळी अजून करतेस?” मग बाबा रंग कसा कालवायचे, तेही त्याला आठवलं. ती एक चूक दुरुस्त होईपर्यंत पाऊण तास गेला.

“आई, आणखी काही आहे का गं?”

तिने यादीची घडी घातली आणि रंगाच्या डब्याखाली सरकवली.

“पुढच्या रविवारी बघून सांगते.”