दोन तिकिटं

नागपूर महापालिकेच्या मतिमंद मुलींच्या केंद्रातल्या बाईंनी वच्छलाताईला सांगून ठेवलं होतं, "एकटी बसनं येऊन दाखव, मग तुला हातमागावर बसवीन."

ताईला त्या हातमागाचं भारी वेड! पण बावीस वर्षांच्या ताईला बसची पाटी कुठं वाचता येत होती? म्हणून बाबांनी धाकट्या नलूला गुपचूप तिच्या मागं धाडलं.

कोराडीच्या थांब्यावर नलू एका जाड्या काकांच्या आड उभी राहिली. ताई नागपूरची बस ओळखणार तरी कशी? पहिली बस आली नि गेली, ताई जागची हलली नाही. दुसरीत दूधवाले भरलेले कॅन चढवू लागले, तशी ताई झटकन चढली. अरेच्चा! सकाळचं दूध नागपूरलाच तर जातं की!

नलूनं मागची जागा गाठली. कंडक्टर मात्र तिच्याकडं पाहून नुसता हसला आणि तिकीट न विचारताच पुढं गेला. असं का, हे कोडं तिला उतरेपर्यंत सुटलं नाही.

केंद्राच्या फाटकात बाईंनी विचारलं, "एकटी आली काय वं, वच्छला?"

"नाही जी."

झाडामागं लपलेल्या नलूनं कपाळाला हात लावला. गेला हातमाग!

ताईनं मुठीतली दोन तिकिटं बाईंपुढं धरली आणि झाडाकडं बोट दाखवलं.

"हिले घेऊन आली. मांगं लपून बसली होती जी. लहान आहे, एकटीले भेव वाटते तिले."