मिठातला खडा

सातपाटीची तानी पालघरच्या दवाखान्यात शिरली ती पदराखाली काचेची बरणी लपवून, चोरून कोंबडी आणावी तशी.

"पडला का मुतखडा?" डॉक्टरांनी विचारलं.

"परवाच पडला. तुरीच्या दान्याएवढा."

बरणी डॉक्टरांनीच उकळून दिली होती. नवऱ्याचा खडा पडला की त्यात टाकायचा, सडू द्यायचा नाही, आणून द्यायचा. बाहेर मुंबईला निघालेली तारापूरच्या अणुकेंद्राची जीप उभी होती. खडा मुंबईला तपासणीसाठी पोचवायचा म्हणून डॉक्टरांनी तिच्या ड्रायव्हरला चहा पाजून थांबवून ठेवलं होतं.

डॉक्टरांनी झाकण काढलं. बरणी गळ्यापर्यंत मिठानं भरलेली.

"हे काय?"

"तुमीच बोललात, सडू देऊ नको." तानी खुशीत होती. "पापलेटाला लावत नाय एवढं लावलंय. एक दिवस उन्हात पन वाळवला. कावळा शिवू दिला नाय."

कंपाउंडर रामनाथ फिसकन हसला. डॉक्टर हसले नाहीत.

"अगं, त्या खड्यात जंतू असतात. त्यांनीच तो वाढवलाय. मुंबईला ते जिवंत जायला हवे होते. कुठले ते कळलं, की कुठल्या औषधानं मरतील तेही कळलं असतं. तू सगळे मिठात मारलेस."

"मेले ना? बरं झालं."

"नवऱ्याच्या पोटातले आहेत ना अजून. त्याची लघवी तरी आण, आजच्या आज."

"ती काल सकाळपासून व्हतच नाय. त्यामुळं कळा पन नाय. गप पडून हायत. पाय तेवढे फुगलेत. आन तोंड."

डॉक्टरांनी हातातलं झाकण खाली ठेवलं. मग रामनाथला हळूच म्हणाले, "मूत्रपिंडं बंद पडलीत, आता उपयोग नाही. जीपवाल्याला जा म्हणावं."

तानी कसला तरी हिशेब जुळवत होती. "डाक्टर, मिठानं जंतू मरतात, तर मंग आमच्या ह्यांचं मीठ कशाला बंद केलंत? महिना झाला, अळणी भात ढकलून देतात."

बाहेर जीप सुरू झाली आणि गेली.

"आता दे," डॉक्टर म्हणाले. "मागेल ते दे त्याला."

तानीचा चेहरा उजळला.

"सुका बोंबील चालंल?"

"चालेल."

तिनं मिठात दोन बोटं खुपसून खडा काढला, डॉक्टरांच्या टेबलावर नीट ठेवला, आणि बरणी परत पदराखाली घेतली.

"मीठ चांगलं हाय," ती म्हणाली.