पडताना वाचायचा आकडा

कराटेवाल्या सरांनी हाताच्या कडेने तिसरं कौल फोडलं, तशा डेपोच्या शेडमधल्या बावीस कंडक्टरबाया एका सुरात "बापरे" म्हणाल्या. तेविसावी गप्प होती. तिला सगळ्या भोंगा म्हणत. ती "पुढे सरका" म्हणाली, की गाडीतले सोडाच, स्टॉपवर उभे असलेलेही दोन पावलं सरकत. पण दोन महिन्यांपूर्वी एका फुकट्याने तिला गाडीच्या दारातून मागे ढकललं, मनगट मोडलं, आणि भोंगा बंद पडला. प्लास्टर आता निघालं होतं. सोमवारी ड्यूटी होती. आणि खिशात बदलीचा अर्ज होता: गाडी नको, कुठेही टेबलापाशी बसवा.

मॅनेजरसाहेबांनी तीन शिक्षक बोलावले होते. अंगावर कोणी आलं तर कोणती विद्या कामाची, ते बायांनीच बघून ठरवायचं होतं.

"गाडीत पाय उचलायला जागा असते का हो?" बॉक्सिंगचे सर म्हणाले. "तिथे ठोसाच चालतो." आणि त्यांनी हवेत असे काही ठोसे मारले, की डोळ्यांना हात दिसेनात.

"ठोशाने स्वतःचीच बोटं मोडतात," कराटेवाले म्हणाले. "तळहाताने मारा."

भोंग्याला दोघांचंही पटत होतं. माणसं तयारीची होती, उगाच नाही. पण तिला ढकलणारा दिसलाच नव्हता. ती तिकीट काढत होती. न दिसलेल्याला ठोसा कसा मारायचा, हे कोणाला विचारावं?

तिसऱ्या होत्या ज्यूदोच्या बाई. पन्नाशीच्या, बुटक्या, केस पिकलेले. त्यांनी चपला काढून कडेला नीट जोडीने ठेवल्या आणि विश्रांतीच्या खोलीतली गादी मागवली.

"मी पहिले पंधरा दिवस फक्त पडायला शिकवते," त्या म्हणाल्या.

"ते कशाला शिकायचं, बाई?" मागून कोणीतरी म्हणालं. "ते आम्ही आईच्या पोटातूनच शिकून आलोय." शेड हसली.

बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "अलीकडे कोण पडलंय?"

सगळ्या माना भोंग्याकडे वळल्या. तिला उठावंच लागलं.

"कशी पडलीस, दाखव."

तिने दाखवलं. डावा हात आपोआप वर गेला, हातात नसलेलं तिकिटाचं मशीन जपत, आणि उजवा मागे, जमीन शोधत. पुन्हा हसू फुटलं, कारण त्यातली प्रत्येक जण तशीच पडली असती. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सगळ्यांना एकच मंत्र मिळालेला: आधी मशीन.

बाई मात्र हसल्या नाहीत. "मशीन वाचलं?"

"हो. साधा ओरखडा नाही."

"म्हणजे वाचवणं तुला येतं. आता मशीन वर नको, पोटाशी धर. आणि पडताना त्यावरचा आकडा वाच."

"आकडा?"

"वाचायला मान खाली राहते. मग पाठ गोल होते, डोकं आपटत नाही. मोकळा हात मागे टेकायचा नाही. बाजूला, गादीवर थाप."

"आणि ढकलणाऱ्याचं काय?" साहेबांनी विचारलं.

"ते या दोघांकडून शिका. हात सोन्यासारखे आहेत त्यांचे," बाई म्हणाल्या. "पण ते शिकायला पुन्हा उभं राहावं लागतं."

भोंगा उकिडवी बसून पडली. मग ओणव्याने. मग उभ्याने. सातव्यांदा उठली तेव्हा ती गादीकडे नाही, शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीकडे बघत होती.

"बाई, त्या पायरीवरून."

कोणी हसलं नाही. बायांनी आणखी एक गादी आणली आणि दोन्ही गाद्या गाडीच्या दारापाशी एकावर एक टाकल्या. नुकतीच फेरी करून आलेल्या मैत्रिणीने गळ्यातलं मशीन काढून दिलं. साहेबांनी "अहो, मशीन" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

ती खालच्या पायरीवर गाडीकडे तोंड करून उभी राहिली. मशीन पोटाशी धरलं. "सर, ढकला," ती म्हणाली.

बॉक्सिंगच्या सरांनी हात पाठीमागे लपवले. "नाही हो ताई, मला नाही जमायचं."

ज्यूदोच्या बाई तिच्या बाजूने गाडीत चढल्या, वळल्या, आणि तिने 'हं' म्हणायच्या आत ढकलून मोकळ्या झाल्या.

थाप शेडभर वाजली. गादीतून धूळ उडाली. भोंगा उताणी, डोळे गच्च मिटलेले.

"चारशे सतरा," ती म्हणाली.

"काय म्हणतायत त्या? डोक्याला लागलं की काय?" बॉक्सिंगचे सर धावले.

साहेबांनी वाकून तिच्या पोटावरचं मशीन बघितलं. "चारशे सतराच आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

ती उठून बसली. उजवं मनगट इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. मान वर केली तर बॉक्सिंगचे सर बूट काढत होते, आणि कराटेवाले त्यांच्या आधीच येऊन बायांच्या मागे उभे होते. गाडीच्या दारापाशी ही झुंबड. प्रत्येकीला पहिलं पडायचं होतं.

मशीनवर धूळ बसली होती. तिने खिशातला कागद काढून ती पुसली, कागदाचा बोळा करून परत खिशात कोंबला आणि उभी राहिली.

"चला, चला," ती म्हणाली, आणि शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. "दारात गर्दी नको. पुढे सरका."