मागचा सायकलवाला

वळणावर पंचशीलाने मान वळवून पाहिलं. म्हातारा अजून मागेच होता.

पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या मागे असा सायकल ट्रॅक आहे, हे तिला माहीतच नव्हतं. घराच्या इतक्या जवळ, आणि एवढा मोकळा. डावीकडे बिल्डिंगांच्या पाठी, उजवीकडे तिवरांचं रान आणि मधून लाल रंगाचा गुळगुळीत पट्टा. तो कुठे निघतो ते बघायचं आणि नवरा नाइट ड्युटीवरून यायच्या आत घरी परतायचं, असं ठरवून ती निघाली होती. हवा छान होती. मग मागून दुसऱ्या सायकलची कुरकुर ऐकू यायला लागली.

ती हळू झाली, की कुरकुरही हळू होई. ती पाणी प्यायला थांबली, तर तो पाय टेकून खाडीकडे बघत उभा राहिला. पुढे जा, असा तिने हात केला. तो नुसता हसला.

तिने जोरात पेडल मारलं आणि चेन उतरली.

म्हातारा सायकल स्टँडला लावून जवळ आला. पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट. चांगल्या घरातला वाटत होता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"चेन बसवून देऊ?"

"हात लावू नका."

त्याने हात मागे घेतले. ती खाली बसून चेनशी झटायला लागली. बोटं काळी झाली. चेन एकदाची बसली. तोवर तो जागचा हलला नाही.

"माझ्या मागे का येताय तुम्ही?"

"माझाही रस्ता हाच आहे."

"मग पुढे व्हा ना."

"मला काही घाई नाही."

थोडं पुढे लाल पट्टा संपत होता. तिथून मातीची पायवाट तिवरांत शिरत होती. पंचशीलाने सायकल सरळ तिकडे घातली.

"पंचशीला, तिकडे नको. भरती लागलीय."

तिच्या हातून आपोआप ब्रेक दाबला गेला. तिने त्याला नाव सांगितलं नव्हतं.

ती तशीच सायकल ढकलत आत शिरली. चिखल घोट्यापर्यंत आला. झाडांच्या मुळांमधून पाणी चमकत होतं, आवाज न करता वर चढत होतं. पुढची वाट पाण्याखाली गेली होती. मागे वळली, तर वाटेच्या तोंडाशी तो उभा.

तेवढ्यात त्याच्यापलीकडे, ट्रॅकवर, एक बाई झपाझप चालत येताना दिसली.

"ओ ताई! थांबा!"

पंचशीलाने सायकल तिथेच टाकली. म्हातारा बाजूला झाला, त्याच्या अंगावरून ती धावतच गेली आणि तिने त्या बाईचा दंड धरला.

"हा माणूस मघापासून माझ्या मागे लागलाय. माझं नावसुद्धा माहीत आहे त्याला."

बाईने कानातले इअरफोन काढले. म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्याने मान किंचित हलवली. ही दोघं एकमेकांना ओळखत होती.

"घाबरू नका, काकू," बाई म्हणाली.

काकू? बाई तिच्याच वयाची, तिशी-पस्तिशीची तर होती.

"काकांना फोन लावा ना. तुमचं बोलणं होईपर्यंत मी इथेच थांबते."

पंचशीलाने पर्समधून मोबाईल काढला. काळ्या बोटांनी नवऱ्याचा नंबर लावला. रिंग जायला लागली. म्हातारा पाठ फिरवून काही पावलं लांब गेला. पलीकडून फोन उचलला गेला.

"बोल."

नवऱ्याचा आवाज ऐकताच ती भडाभडा बोलायला लागली.

"अहो, कुठे आहात? मला कळत नाहीये मी कुठे आलेय. इथे एक म्हातारा मला सोडतच नाहीये."

"घाबरू नको. त्या बाईंचा हात धर आणि हळूहळू घराकडे नीघ. सायकल राहू दे."

"आणि तो मागे आला तर?"

तिवरांकडे तोंड करून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने मोबाईल कानाशी घट्ट धरला.

"येऊ दे त्याला," तो म्हणाला. "मी आहे ना."