दोन वर्षांनंतरची दुपार

परांचीवरून पडून रंगाऱ्याच्या डोक्याला मार बसला, त्याला आता दोन वर्षं होत आली. तेव्हापासून बायकोच त्याला आंघोळ घालायची, घास भरवायची, हाताला धरून चालवायची. विसरलेला एक एक शब्द तिनं त्याला नव्यानं बोलायला शिकवला. पलंग दोघांचा एकच होता, पण त्यानं कधी तिच्याकडे कूस वळवली नाही, आणि हे डॉक्टरांना कोणत्या तोंडानं विचारायचं म्हणून तिनंही कधी विचारलं नाही. नणंद म्हणायची, "वहिनी, जीव वाचला ना त्याचा? मग आणखी काय हवं?"

आणखी काय हवं, ते नणंदेला कसं सांगणार?

काल दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. तो आत आला. दाढी त्यानं स्वतःच केली होती, हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. त्यानं दाराला कडी लावली, तिच्या शेजारी बसून तिचा हात हातात घेतला आणि शब्द गोळा करत करत म्हणाला,

"तू... मला... अजून... आवडतेस."

तिला भरून आलं. हे ऐकायला ती दोन वर्षं आसुसली होती. तिनं त्याचा चेहरा ओंजळीत धरला, कपाळावरचे केस मागे सारले, आणि काही कळायच्या आत तिच्या तोंडून निघून गेलं,


"शाब्बास! किती छान बोललं माझं बाळ!"